ओटीवरच्या झोपाळ्याचा दावा

नागाव, अलिबाग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला पत्र लिहिले नाही आणि फोनवरही आपण एकमेकांना 'सावकाश बोलू' एवढेच सांगत आलो. इकडे सर्व ठीक आहे; माईचा रक्तदाब गोळ्यांवर आटोक्यात आहे. आज लिहायला बसलो तो ओटीवरच्या झोपाळ्यासाठी. आपण भाड्याने राहत होतो त्या पेठेतल्या खोलीच्या मालकांनी आपल्या अनामत रकमेतून भिंतीतल्या खिळ्यांच्या भोकांचे पैसे कापले होते, ते प्रकरण ज्याने माझ्याबरोबर भोगले, त्यालाच हे कळेल.

पंधरा ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्ट्यांत आम्ही एअरबीएनबी या संकेतस्थळावरून पाहुण्यांना भाड्याने देतो त्या इथल्या घरात मुंबईचे एक मोठे कुटुंब उतरले होते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या बोटीत दोन गाड्या घालून आले. बोलायला सभ्य, जेवणाचे पैसे चोख. ती मंडळी गेल्यावर घराची देखभाल करणाऱ्या बापूकाकांनी नेहमीप्रमाणे सगळ्या खोल्यांचे चित्रीकरण करून मला पाठवले, त्यात झोपाळा एका कोपऱ्यावर टेकलेला दिसला. हत्ती असलेली पितळी कडी मानेपाशी तुटली होती, सागवानी पाट कोपऱ्याकडून रेषेत वीतभर चिरला होता आणि खालची एक फरशी फुटली होती. मी दुसऱ्या दिवशी जाऊन कडी हातात घेतली. तुटलेल्या जागी धातू ताजा पिवळा चकाकत होता. चीर जुनी असती तर ती आतून काळवंडलेली किंवा हिरवट दिसली असती. हे मला बापूकाकांनी दाखवले. मंडळी येण्याच्या सकाळचे चित्रीकरणही आहे आणि त्यात झोपाळ्याच्या चारही साखळ्या नीट दिसतात.

मी पाहुण्यांना सौम्य शब्दांत कळवले. उलट उत्तर आले की कडी आधीच झिजलेली होती, तुमच्या माणसाला आम्ही सांगितले होते पण त्याने लक्ष दिले नाही, आणि लहान मुलाला लागले असते तर जबाबदार कोण? मित्रा, पैशांचे राहू दे, पण 'तुमच्या माणसाने लक्ष दिले नाही' हे वाक्य मला झोपू देत नाही. दर शनिवारी कड्यांना तेल घालणारा हा माणूस आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा स्वतःच्या घराची कौले उडत असताना त्याने आधी आमचा झोपाळा उतरवून माजघरात नेऊन ठेवला होता. पाहुण्यांचे ते उत्तर मी बापूकाकांना वाचून दाखवले नाही, पण त्यांच्या सुनेने कुठून तरी ऐकले आणि त्यांच्या कानावर घातले. तेव्हापासून ते घराची किल्ली माझ्या हातात देताना नजर वर करत नाहीत.

आता दाव्याचे सांगतो. एअरबीएनबीच्या नियमाप्रमाणे पाहुणे निघाल्यापासून 14 दिवसांच्या आत नुकसानभरपाईची मागणी नोंदवावी लागते; ती आधी पाहुण्यांकडे जाते, त्यांना उत्तरासाठी 24 तास मिळतात आणि त्यांनी नकार दिला किंवा ते गप्प राहिले तरच कंपनीला मध्ये घेता येते. सोबत आधीची आणि नंतरची छायाचित्रे लागतात, दुरुस्तीचे अंदाजपत्रक किंवा पावती लागते. आमच्या सुताराला आत्ता गणपतीच्या मखरांतून मान वर करायला वेळ नाही, आणि त्याने अंदाज दिला तो आवाजी निरोपातून, मागे रंध्याचा आवाज चालू असताना! अखेर मी त्याच्या कारखान्यात बसून तो मजकूर कागदावर उतरवला आणि खाली त्याची सही घेतली. पाटाला आतून पट्टी देऊन सांधणे, कडी तांबटाकडून ओतून घेणे आणि फरशी बदलणे मिळून साडेसात हजार रुपये होतात.

खरा घोळ या आकड्यापाशी आहे. इथले घरे भाड्याने देणारे दोन-तीन मित्र मला सांगत आहेत की असा दावा साडेसात हजारांचा करू नये, नव्या सागवानी झोपाळ्याचा पंचेचाळीस हजारांचा करावा, म्हणजे घासाघीस होऊन निम्मे तरी पदरात पडतात. शिवाय अशा दाव्यांत वस्तूचे वय धरून किंमत कमी करतात, म्हणून आधीच वाढवून मागावे असा त्यांचा हिशोब आहे. दूरदर्शन संचाची किंवा गादीची किंमत दर वर्षी उतरत जाते, हे मला मान्य आहे. पण जुने सागवान आणि ओतीव पितळ वयाच्या त्या हिशोबात कसे बसवायचे? आजोबांनी घेतलेल्या पाटाची पावती मी कुठून आणू? तरीही दुरुस्तीचा खर्च हीच माझी हानी आहे आणि त्यावर एक रुपयाही मागायला माझे मन धजत नाही.

इथेच तू आठवतोस. मालकांच्या दिवाणखान्यात तू फूटपट्टी घेऊन बसला होतास आणि कायद्याच्या पहिल्याच वर्षात असताना मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 108 वे कलम त्यांना ऐकवत होतास, की भाडेकरूने जागा जशी घेतली तशी परत करायची, पण वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली असते. मालकीणबाईंनी चहा पुढे केला तेव्हा तू 'हा चहा आमचे सर्व हक्क राखून स्वीकारत आहोत' असे म्हणालास, आणि त्या घाबरून कप परत न्यायला लागल्या! खोलीवर आल्यावर मात्र आपले कडाक्याचे भांडण झाले. मी म्हणत होतो की जाऊ दे, म्हातारी माणसे आहेत. तू म्हणत होतास की त्यांनी जास्त कापले यापेक्षा आपण ते मुकाट्याने कापू दिले हे वाईट. मला आजही वाटते की त्या दिवशी तू आवाज चढवायला नको होता. पण झीज आणि नासधूस यांतला फरक मी तुझ्याच तोंडून शिकलो, आणि आज मालकाच्या बाजूला बसल्यावर तोच फरक मला पुरेसा वाटतो. आमचा पाहुणा भाडेकरू नसून 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातल्या 52 व्या कलमाप्रमाणे केवळ परवानगीने राहणारा आहे, एवढे मी वाचून काढले आहे. त्याने या हिशोबात काही बदलते का, ते तू सांग.

आणखी एक अडचण आहे. त्या कुटुंबातल्या एका मुलीने इन्स्टाग्रामवर सर्वांना दिसेल अशी चित्रफीत टाकली आहे. तीत सहा मोठी माणसे झोपाळ्यावर उभी राहून झोके घेत आहेत, आणि शेवटी कडी तुटल्याचा आवाज आणि हशाही ऐकू येतो. बापूकाकांच्या सुनेनेच ती शोधून काढली. हा पुरावा जोडला तर प्रश्नच मिटतो, पण त्यात लहान मुले आणि घरातल्या बायका आहेत, आणि हौसेने काढलेली गोष्ट त्यांच्याच विरुद्ध वापरायची म्हटली की माझा हात आखडतो. मी असे ठरवत आहे की त्या चित्रफितीतले झोपाळ्याचे फक्त एक स्थिरचित्र, चेहरे झाकून, जोडावे, आणि दाव्यात स्पष्ट लिहावे की देखभालीत कसूर झाल्याचा आरोप आम्हाला मान्य नाही. भरपाईतून चार पैसे कमी आले तरी चालतील. बापूकाकांवरचा तो शब्द मात्र लेखी खोडला गेला पाहिजे. वाईट अभिप्राय येईल म्हणून दावाच करू नये, असेही एकाने सुचवले. अभिप्रायाच्या भीतीने मी हे सोडून दिले तर उद्या बापूकाकांना तोंड कसे दाखवू?

तुझ्याकडचे विचारायचे राहूनच गेले. चिरंजीवांचा दहावीचा निकाल वहिनींकडून कळला, त्याला माझे अभिनंदन सांग. नागपूरची उन्हे सोडून या थंडीत इकडे चार दिवस या, गुडघ्याची सबब चालणार नाही.

दाव्याचा मसुदा सोबत जोडला आहे. मुदत येत्या शुक्रवारी संपते, म्हणून बुधवारपर्यंत वाचून काय गाळायचे ते लाल शाईने खूण करून पाठव. देखभालीसंबंधीचा तिसरा परिच्छेद तेवढा विशेष काळजीने पाहा, कारण तो बापूकाकांना मला वाचून दाखवायचा आहे.

माईचे तुम्हा सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
नागावकर