शिरोळच्या अण्णांचे आभार : उगवण कुठे अडली ते दाखविल्याबद्दल

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

गेल्या खरिपात मृगाच्या पावसावर पेरलेल्या माझ्या सोयाबीनची उगवण निम्मीसुद्धा झाली नाही, तेव्हा बियाणेच बोगस निघाले असे धरून मी तक्रार अर्ज लिहून ठेवला होता. आपण तो वाचलात आणि आधी पिशवीत उरलेले १०० दाणे ओल्या गोणपाटात घालायला सांगितलेत. त्यातले ८४ उगवले.

मग आपण रानात खुरप्याने ओळ उकरलीत. दाणा फुगलेला होता, मोड बाहेर आला होता, पण त्याचे टोक तपकिरी पडून वाळले होते आणि त्याला चिकटूनच खताची अर्धवट विरघळलेली गोळी होती. मी १०:२६:२६ या मिश्र खतात थोडा युरिया मिसळून, ते बियाण्यासकट एकाच चाड्यातून, म्हणजे पेरणीच्या वाटीतून, सोडले होते. आमच्याकडे ही सवय इतकी रुळली आहे की तिच्यात काही चुकते आहे असे कुणाला वाटतही नाही.

सोयाबीनच्या दाण्याला रुजण्यासाठी स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी शोषावे लागते, आणि भोवतीच्या ओलीत खताचे क्षार विरघळले की तेच पाणी दाण्याला ओढता येत नाही, हे आपण बांधावर बसून समजावलेत. कोणते खत मातीतल्या ओलीचा खारटपणा किती वाढवते ते क्षार निर्देशांक सांगतो; सोडियम नायट्रेटचा तो १०० धरला, तर म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशच्या खताचा सुमारे ११६, युरियाचा ७५ आणि सिंगल सुपर फॉस्फेटचा जेमतेम ८ येतो. युरियाचे दुखणे आणखी वेगळे, कारण मातीत त्याचा अमोनिया होतो आणि तो कोवळ्या मुळाला जाळतो. पेरणीनंतर पावसाने ओढ दिल्यामुळे ओल कमी पडली आणि क्षार अधिकच तीव्र झाले. त्यात माझे रान नदीकाठचे, उसाला वर्षानुवर्षे पाणी पाजून आधीच क्षार वर आलेले.

दुबार पेरणीला आपल्या सांगण्याप्रमाणे खत बियाण्यापासून ५ सेंटीमीटर बाजूला आणि तेवढेच खाली पाडले, युरिया पेरणीतून वगळला आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, नीट येईपर्यंत पेरणीची कुरी धरली नाही. आठव्या दिवशी ओळी भरून दिसल्या. तो अर्ज मी फाडून टाकला; विनाकारण एका दुकानदाराच्या माथी दोष बसला असता, तो आपल्यामुळे टळला. त्या भर उन्हात, या वयात, आपण गुडघ्यावर बसून माझ्यासाठी माती उकरलीत, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

आपला नम्र,
शिरोळ तालुक्यातील एक शेतकरी