रुपया, दिरहम आणि आईचा गुडघा

दुबई

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, "दिरहमचा रेट अजून चढतोय, एवढ्यात पैसे पाठवू नकोस, ऑपरेशनचं दिवाळीनंतर बघू," असं तुम्ही म्हणालात, ते मला पटलेलं नाही. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. शांतपणे वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

मी इकडे आल्यापासून एका दिरहमला किती रुपये मिळतात, तो दर महिन्याचा भाव तुम्ही वहीत मांडत आलात. त्या वहीत आकडा चढताच दिसतो, त्यामुळे थांबलं की फायदाच, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण ही गोष्ट तुमच्या वहीच्या खूप आधीपासूनची आहे.

मी ज्या शहरातून पैसे पाठवते, तिथे एके काळी आपलाच रुपया चालायचा. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, सगळीकडे व्यवहार रुपयांत व्हायचे. अडचण आली ती सोन्यामुळे. आपल्याकडे सोनं बाहेरच्यापेक्षा बरंच महाग होतं. चोरटा व्यापार करणारे भारतातून नोटा घेऊन इकडे यायचे आणि सोनं विकत घ्यायचे. त्या नोटा इथल्या बँकांमार्फत परत भारताकडे जायच्या आणि त्यांच्या बदल्यात आपल्याला पौंड मोजावे लागायचे. परकीय चलनाची अशी गळती लागल्यावर 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी झेड हे अक्षर असायचं. मोल मात्र आपल्या रुपयाइतकंच.

कुवेतने 1961 मध्ये आणि बहारीनने 1965 मध्ये स्वतःचा दिनार आणला. दहा रुपयांना एक बहारिनी दिनार मिळायचा. मग 6 जून 1966 उजाडला. दोन युद्धं झालेली, दुष्काळ पडलेला, परदेशी मदत आटलेली. इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि 4.76 रुपयांचा डॉलर 7.50 रुपयांचा झाला. ज्यांची पुंजी आखाती रुपयांत होती, त्यांच्या पैशाचं मोल एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरलं असतं. म्हणून कतार आणि दुबईने रुपया सोडला आणि त्याच वर्षी आपला रियाल काढला. त्याचं मोल ठरवलं ते अवमूल्यनाआधीच्या रुपयाइतकं, म्हणजे 0.18662 ग्रॅम सोनं. 1973 मध्ये अमिरातीत रियालच्या जागी दिरहम आला, तोही एकास एक.

म्हणजे मी इथे जो दिरहम कमावते, तो मुळात 5 जून 1966 चा आपला रुपया आहे. हे कळल्यावर मी बराच वेळ सुन्न झाले होते. "1947 साली डॉलर एका रुपयाला होता" हा निरोप तुमच्या ग्रुपवर दर ऑगस्टमध्ये फिरतो, तो खोटा आहे. तेव्हा पौंड 13 रुपये 5 आणे 4 पैचा आणि डॉलर साधारण 3 रुपये 30 पैशांचा होता. पण दिरहमच्या बाबतीतली बरोबरी खरी आहे.

रुपया एवढा खाली गेला याचं तुम्हाला वाईट वाटतं, बाबा. मलाही वाटतं. तरीसुद्धा 1966 चा निर्णय मला नामुष्कीचा वाटत नाही. ज्या भावाने कोणी व्यवहार करायला तयार नाही, तो भाव सरकारी कागदावर धरून ठेवण्यात कसला आलाय मान? 1991 च्या जुलैमध्ये पुन्हा तीच वेळ आली. बँक ऑफ इंग्लंडकडे सोनं गहाण पडलं, 1 आणि 3 तारखेला दोन टप्प्यांत रुपया उतरवला आणि 21 चा डॉलर 26 च्या घरात गेला. दिरहम पावणेसहावरून सातवर आला.

दिरहम मात्र डॉलरला बांधलेला आहे. 1997 पासून एका डॉलरला 3.6725 हा भाव हललेला नाही. म्हणजे तुम्ही दिरहमचा भाव विचारता तेव्हा खरं तर डॉलरचाच विचारत असता. आणि डॉलर चढतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे आपल्याकडची महागाई इतकी वर्षं अमेरिकेपेक्षा जास्त राहिली. रुपये जास्त आले तरी त्यातले बरेचसे वाढलेल्या किमतींतच जातात. हॉस्पिटलचं बिल काय भावाची वाट बघत थांबणार आहे?

शिवाय भाव चढतोच असंही नाही. 2002 मध्ये डॉलर 49 च्या आसपास होता आणि 2007 संपताना 40 च्या खाली आला होता. दिरहम सव्वातेरावरून पावणेअकरावर घसरला. त्या काळात "अजून थोडं थांबू" म्हणत ज्यांनी पैसे इथेच ठेवले, त्यांना दर दिरहममागे अडीच रुपयांचा फटका बसला. पुढे 2013 च्या ऑगस्टमध्ये डॉलर 68 च्या वर गेला, तोही काही महिन्यांत. यातलं काय कधी होणार, हे भल्याभल्यांना आधी सांगता आलं नव्हतं.

आता आपल्या घरचा हिशोब. दिरहम एका रुपयाने वाढला, तर दहा हजार दिरहमवर दहा हजार रुपये जास्त मिळतील. तेवढ्यासाठी आईने आणखी सहा महिने जिना न उतरता, रात्री कूस बदलताना दात आवळून काढायचे? मला ते चालणार नाही.

आई, तू बाबांसमोर "आता बरं आहे" म्हणणं आधी थांबव. डॉक्टरांना दुखतं तेवढं सगळं सांग, झोप लागत नाही तेही सांग.

पैसे याच गुरुवारी पाठवतेय, भाव जो असेल तो. बाबा, तुम्ही सोमवारी जाऊन तारीख नक्की करा. मी त्याप्रमाणे रजा टाकते. ऑपरेशननंतर व्यायाम करून घ्यायला घरी कोणी येईल का आणि दोन्ही गुडघे एकदमच करायचे का, हेही विचारून ठेवा.

तुमची,
धाकटी