नातेवाईक तयार होते, रुग्णालय नव्हतं

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

३ ऑगस्टच्या अंकात अवयवदान दिनानिमित्त आलेलं पान वाचलं. पेपर घडी घालून ठेवला, पण रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं, म्हणून आज लिहायला बसले. मथळ्यातच ‘समाज उदासीन’ आणि आतल्या चौकटीत सगळा दोष नातेवाइकांच्या माथी: संमती देत नाहीत, अंधश्रद्धा बाळगतात, पुढच्या जन्मी आंधळं जन्माला येऊ म्हणून घाबरतात. असे नातेवाईक असतीलही. पण जे नातेवाईक स्वतःहून ‘घ्या’ म्हणत दारात उभे राहतात त्यांचं पुढे काय होतं, त्यावर अख्ख्या पानात एक ओळ नाही. मी त्यांच्यापैकी आहे.

माझी आई मार्च महिन्यात इथल्याच एका खासगी रुग्णालयात गेली. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. नंतर ओळखीत ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांतल्या तिघांनी ‘आमच्याकडेही असंच झालं’ म्हटलं, आणि ती तीन रुग्णालयं वेगवेगळी होती.

आई ८१ वर्षांची. जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला. नेत्रदानाचा फॉर्म तिनं नोकरीत असतानाच भरला होता. कार्ड लॅमिनेट करून देवघराच्या खणात ठेवलेलं असायचं. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली तेव्हा तिनं डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारला, ‘आता माझे डोळे दुसऱ्याला चालतील ना?’ त्यांनी समजावून सांगितलं, मोतीबिंदू आतल्या भिंगाला होतो, दुसऱ्याला बसवतात तो डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा. तो चांगला असला की झालं. चष्मा असो, मधुमेह असो, रक्तदाब असो, अडत नाही. घरी आल्यावर तिनं कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. फळ्यावर लिहायची तशाच अक्षरात: ‘मी गेले की आधी डोळ्यांचा फोन. सहा तासांच्या आत. पंखा बंद करा, पापण्या मिटा, वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. रडायचं ते नंतर.’

तिला अ‍ॅडमिट करताना आमच्याकडून चार पानी फॉर्म भरून घेतला. मेडिक्लेमचा नंबर, टीपीएचं (विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीचं) नाव, कोणाची सही चालेल, सगळं विचारलं. नेत्रदानाबद्दल रकानाच नव्हता. तिसऱ्या दिवशी आईला व्हेंटिलेटरवर घ्यायचं का हे विचारायला डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी त्यांना तिच्या नेत्रदानाचं सांगितलं. ते म्हणाले, ‘असं अभद्र बोलू नका मॅडम, आजी बऱ्या होतील.’ माणूस चांगला होता, धीर देण्यासाठीच म्हणाला. पण त्या क्षणी त्यांनी फाइलवर एक ओळ लिहून ठेवली असती तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आई पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी गेली. सहा तास म्हणजे १० वाजून १० मिनिटं. ही वेळ मी त्या दिवशी किती वेळा मनात मोजली असेल सांगता येत नाही. दादा घरून निघाला होता, पोहोचायला अर्धा तास होता. मी आरएमओंना (रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांना) म्हटलं, नेत्रदान करायचंय, कोणाला सांगू? ते म्हणाले, पीआरओ (जनसंपर्क अधिकारी) नऊला येतात, त्यांना भेटा. म्हटलं, नऊपर्यंत पाच तास जातील. तर म्हणाले, आधी फाइल क्लोज होऊ द्या. त्वचादानाचंही विचारलं, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. त्वचाही सहा तासांतच घ्यावी लागते, तिला रक्तगट जुळवावा लागत नाही, ग्लिसरॉलमध्ये ती पाच वर्षांपर्यंत टिकते आणि भाजलेल्या माणसाचा जीव वाचवते. मुंबईत शीव रुग्णालयात त्वचापेढी सुरू झाली ती २००० साली. हे मला, एका गृहिणीला, माहीत आहे आणि अतिदक्षता विभागाच्या रात्रपाळीच्या डॉक्टरांना नाही, याचं मला अजून दुःख होतं.

मदत केली ती एका सिस्टरनी. पंचविशीच्याही नसतील. मी काही न सांगता त्या आईच्या कॉटकडे गेल्या, वरचा पंखा बंद केला, तळहातानं पापण्या मिटल्या, सलाइनमध्ये कापसाचे बोळे भिजवून डोळ्यांवर ठेवले आणि उशाखाली घडी केलेली चादर सारून डोकं वर घेतलं. आधीच्या नोकरीत शिकले, म्हणाल्या. दर अर्ध्या तासानं त्या येऊन कापूस ओला करून जात होत्या. आईच्या कपाटावरचा कागद त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण त्यावर लिहिलेलं सगळं त्यांनी केलं.

खाली लॉबीत ‘नेत्रदान श्रेष्ठदान’ असा काचेत बसवलेला मोठा फलक आहे. त्यावरचा नंबर लावला तर ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’. पुन्हा लावला, तेच. शेवटी दादाच्या लायन्स क्लबातल्या मित्राला झोपेतून उठवलं, त्याच्याकडून नेत्रपेढीचा नंबर मिळाला तेव्हा साडेसहा झाले होते. नेत्रपेढीनं एका रिंगमध्ये फोन उचलला. ‘तासाभरात निघतो, फक्त मृत्यूची नोंद आणि कारण लिहिलेला कागद तयार ठेवा, जवळच्या नातेवाइकाची आणि दोन साक्षीदारांची सही लागेल.’ सह्या करणारे आम्ही पाच जण तिथेच होतो.

अडला तो कागद. बिलिंग काउंटर साडेआठला उघडतं आणि बिल क्लिअर झाल्याशिवाय फाइल खाली येत नाही. दादा कार्ड हातात घेऊन उभा होता, बिल बुडवायचा प्रश्नच नव्हता. पण कॅशलेस असल्यामुळे टीपीएचं फायनल अप्रूव्हल यायला हवं आणि ते दहाच्या आत येत नाही, असं सांगण्यात आलं. आम्ही म्हटलं, सगळं रोख भरतो, विम्याचं नंतर बघू. तर तसं करायला मॅनेजरची सही लागते आणि मॅनेजरांचा फोन बंद. साडेआठला काउंटर उघडलं तेव्हा आमच्या पुढे डिस्चार्जवाले चौघे होते. या सगळ्यात आईला कोणी पेशंटही म्हणत नव्हतं, ‘बारा नंबरची बॉडी’ म्हणत होते.

सव्वाआठला नेत्रपेढीची दोन मुलं मोटारसायकलवरून आली. एकाच्या मांडीवर बर्फाचा डबा. वॉचमननं गेटवरच थांबवलं, पास नाही म्हणून. मी खाली गेले, रडले, भांडले. मुलं शांत उभी होती. त्यातला एक म्हणाला, ‘ताई, आम्हाला सवय आहे.’ मला तो शब्द फार लागला.

नऊ वाजून पाच मिनिटांनी पीआरओ आले. त्यांनी दोन फोन केले आणि पंधरा मिनिटांत कागद हातात आला, गेट उघडलं, पडदा ओढून जागा मिळाली. म्हणजे काम पंधरा मिनिटांचंच होतं. त्या मुलांनी आधी आईला नमस्कार केला, तपासणीसाठी रक्ताचा नमुना घेतला आणि वीस मिनिटांत काम संपवलं. पडदा बाजूला झाला तेव्हा आई झोपल्यासारखी दिसत होती. डोळे खोल गेले नव्हते, काही नाही. ज्यांना चेहरा विद्रूप होण्याची भीती वाटते त्यांना मी हे शपथेवर सांगेन.

पुढचं लिहायला जड जातं. तिसऱ्या आठवड्यात नेत्रपेढीच्या डॉक्टरांना भेटले. त्यांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांचे पडदे प्रत्यारोपणाच्या योग्यतेचे निघाले नाहीत, आतल्या पेशी कमी होत्या, ते शिकाऊ डॉक्टरांच्या सरावासाठी दिले. मी विचारलं, उशीर झाला म्हणून? ते म्हणाले, वयही असतं, वेळही असतो, नेमकं कशानं ते सांगता येणार नाही. त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं याबद्दल त्यांचे आभार. पण सिस्टरशिवाय कोणीही काही न करता घालवलेले ते तास माझ्या मनातून जात नाहीत, आणि ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायला माझं मन धजत नाही.

रुग्णालयाला रीतसर पत्र लिहिलं. उत्तर आलं: ‘आमच्याकडे प्रत्यारोपण होत नसल्याने समन्वयक नेमलेला नाही.’ हे उत्तर मला मान्य नाही. आपल्या पानावर सगळा भर मेंदूमृत रुग्णांवर आहे, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या पण व्हेंटिलेटरवर हृदय चालू असलेल्या रुग्णांवर. तिथे चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासण्या लागतात, पुण्याच्या विभागीय समितीच्या यादीप्रमाणे किडनी कोणाला, यकृत कोणाला ते ठरतं, मग ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे अवयव वेळेत पोहोचावा म्हणून मोकळा ठेवलेला रस्ता. ते सगळं व्हायलाच हवं, त्यात राबणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण आपण बहुतेक जण व्हेंटिलेटरवर मेंदूमृत होऊन जात नाही, हृदय बंद पडून जातो, आणि तेव्हा डोळे आणि त्वचा देता येते. डोळ्यांसाठी ऑपरेशन थिएटर लागत नाही. नेत्रपेढीची मुलं घरात, पलंगावर, बाजूला भांडी लागलेली असताना हे काम करून जातात. प्रशिक्षित तंत्रज्ञांना ते करता यावं म्हणून २०११ साली अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. त्याच दुरुस्तीत अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांवर जबाबदारी टाकली आहे की रुग्णाच्या जवळच्या माणसांना दानाचा पर्याय त्यांनी आपणहून सांगावा. आमच्या बाबतीत पर्याय आम्ही सांगत होतो आणि ऐकणारा कोणी नव्हता.

रात्रपाळीच्या आरएमओला मृत्यूचा कागद सही-शिक्क्यासह द्यायची मुभा असावी, बिलाशी त्याचा संबंध नसावा. सिस्टरांच्या टेबलावर नेत्रपेढीचा चालू नंबर असावा, आणि तो चालू आहे की नाही हे महिन्यातून एकदा कोणीतरी लावून पाहावं. नेत्रपेढीच्या माणसाला गेटवर पास मागू नये. यात एक रुपयाचा खर्च नाही. तमिळनाडू सरकार सप्टेंबर २०२३ पासून अवयवदात्यांना शासकीय इतमामात निरोप देतं, हे आपण कौतुकानं छापलं आहे आणि ते कौतुकाचंच आहे. पण त्या मानाच्या आधी येतो तो गेटवरचा वॉचमन, बिलाची खिडकी आणि बंद फोन. आपल्या बातमीदारांनी एकदा पहाटे चार वाजता शहरातल्या पाच रुग्णालयांत फोन करून ‘नेत्रदान करायचंय, कोणाशी बोलू?’ एवढंच विचारावं आणि जी उत्तरं मिळतील ती छापावीत.

आता थोडं आपल्या वर्तमानपत्राबद्दल. राग मानू नये. आईची निधनवार्ता आम्ही आपल्याकडे पाठवली होती. त्यात ‘त्यांच्या इच्छेनुसार मरणोत्तर नेत्रदान करण्यात आले’ अशी एक ओळ होती. छापून आलं त्यात दादाच्या दुकानाचं नाव होतं, जावयाचा हुद्दा होता, ‘त्यांच्या पश्चात’ची सगळी यादी होती आणि ती ओळ नव्हती. कार्यालयात फोन केला तर ‘जागेअभावी’ असं उत्तर मिळालं. तिच्या शेकडो विद्यार्थ्यांनी ती वार्ता वाचली, कित्येक जण भेटायला आले. त्यांनी ती ओळ वाचली असती तर त्यांतल्या चार-दोन घरांत तरी नेत्रदानाचा विषय निघाला असता. जागा कमी पडली तर जावयाचा हुद्दा काढा, दुकानाचं नाव काढा, आमची कोणाची हरकत नाही. ही ओळ मात्र यापुढे कोणाच्याही निधनवार्तेतून कापू नये, अशी कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली

(ज्या सिस्टरनी मदत केली त्यांना त्रास होऊ नये म्हणून नाव देत नाही. आपल्याला हवं असल्यास कार्यालयात येऊन भेटेन.)