मनगट मोडलं तेव्हाच विचारायला हवं होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला वयस्क बायकांच्या हाडांवरचा लेख दोनदा वाचला. कॅल्शियम घ्या, उन्हात बसा, चाला. सगळं मान्य. पण जिचं एक हाड आधीच मोडलंय, तिच्याबद्दल एक ओळही नाही, याचा फार राग आला.

माझी आई ६८ व्या वर्षी घरातल्या घरात अडखळली, हात टेकला आणि मनगट मोडलं. उभ्याउभ्या पडून हाड मोडणं ही हाडं ठिसूळ झाल्याची खूण असते. आम्हाला ते कुणी सांगितलं नाही. प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी कापलं, ‘छान जुळलंय’ म्हणून घरी पाठवलं. त्याच सुमारास फळीवरचा नेहमीचा डबा तिच्या हाताला येईना, ती स्टूल ओढून घ्यायला लागली. मणके दबले की उंची कमी होते आणि कित्येकदा दुखतही नाही, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! दोन वर्षांनी पलंगावरून उठताना पडली ती खुबा मोडूनच. मग कुठे डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी, झाली. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती ते सांगणारा आकडा, उणे ३.१. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, धरतात. सुई नाही, दुखणं नाही, काही मिनिटं आडवं पडून राहायचं, एवढीच ती तपासणी. मनगटाच्या वेळीच केली असती तर गोळ्या दोन वर्षं आधी सुरू झाल्या असत्या.

पासष्टीनंतर प्रत्येक बाईने घनता मोजून घ्यावी. पाळी गेल्यावर हाड मोडलं असेल, स्टिरॉइड बरेच महिने चालू असेल किंवा आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला असेल, तर त्याही आधी. म्हणजे आता माझा नंबर आहे आणि मी नाव नोंदवलंय. रिपोर्टवर नुसतं ‘ऑस्टिओपेनिया’, म्हणजे घनता कमी पण ऑस्टिओपोरोसिसइतकी नाही, असं आलं म्हणून निर्धास्त राहू नये, हेही छापा. कित्येक हाडं त्याच टप्प्यातल्या बायकांची मोडतात.

आणखी एक. हा लेख आईला मी वाचून दाखवला, कारण पुरवणीची अक्षरं तिला भिंगातूनही लागत नाहीत. ज्यांच्यासाठी छापता, निदान त्या पानाचा टाइप तरी मोठा करा.

आपली,
एक जुनी वाचक