दुसऱ्याच्या मापाचे लूप्स

नागपूर,
२० जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. तुझी इंटर्नशिप सुरू झाली हे वाचून आनंद झाला आणि काकूंना आता बरे वाटते आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की, एम.डी.एस. पूर्ण करून निघालेले तुमचे एक सीनियर त्यांचे साडेतीन पटींचे लूप्स, म्हणजे दात मोठे दाखवणारा आपला भिंगांचा चष्मा, निम्म्या किमतीत देत आहेत, तर ते घ्यावेत का. त्यांना शनिवारपर्यंत होकार कळवायचा आहे असेही तू लिहितोस, म्हणून आधी उत्तर सांगतो आणि मग कारणे : घेऊ नकोस. वस्तू उत्तमच असेल आणि त्यांनी ती जपून वापरलीही असेल. पण ती त्यांच्या मापाने बनलेली आहे आणि तुझ्या मापाची होणे शक्य नाही.

तू पाठवलेल्या फोटोत भिंगाच्या दोन्ही नळ्या चष्म्याच्या काचेतच पक्क्या बसवलेल्या दिसतात. या प्रकाराला आपण टीटीएल, म्हणजे थ्रू-द-लेन्स, म्हणतो. काचेला भोक पाडून नळी बसवली जाते तेव्हा तीन गोष्टी कायमच्या ठरून जातात : दोन बाहुल्यांमधले अंतर, डोळ्यापासून रुग्णाच्या दातापर्यंतचे अंतर, म्हणजे आपले वर्किंग डिस्टन्स, आणि नळी खाली किती झुकलेली असेल तो कोन. बाहुल्यांमधल्या अंतरात दोन-तीन मिलिमीटरचा फरक असला, तरी डाव्या आणि उजव्या डोळ्यांना दिसणारी वर्तुळे नीट एकावर एक येत नाहीत, आणि ती जुळवण्याच्या धडपडीत तासाभरात कपाळ ठणकू लागते. त्यातच तुझ्या चष्म्याला सिलिंडरचा नंबर आहे, जो टीटीएलमध्ये नळीच्या आत, डोळ्याकडच्या बाजूलाही घालून घ्यावा लागतो. शिवाय तुझी उंची पाच फूट अकरा इंच, आणि तुझ्याच म्हणण्याप्रमाणे ते तुझ्या खांद्याला लागतात. त्यांचे वर्किंग डिस्टन्स चाळीस सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर तुझे सहज पन्नासच्या घरात जाईल. ते लूप्स लावून तुला दात स्पष्ट पाहायचा असेल, तर ती दहा सेंटिमीटर तुझ्या मानेला भरून काढावी लागतील.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण हीच चूक मी नवे लूप्स घेताना केली. इंटर्नशिपच्या अखेरीस एका परिषदेतल्या स्टॉलवर मी माझी पहिली जोडी नोंदवली. तिथे गर्दी होती. विक्रेत्याने मला उभ्यानेच माप द्यायला लावले. समोरच्या टेबलावर दातांचे मॉडेल होते, ते पाहायला मी सहज वाकलो आणि त्याच अवस्थेत त्याने पट्टी लावून पस्तीस सेंटिमीटर असे लिहून घेतले. मलाही तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. लूप्स आले, पहिल्याच दिवशी एका क्राउन प्रेपच्या मार्जिनवर, म्हणजे कॅपसाठी घासलेल्या दाताच्या कडेवर, मला बारीकशी पायरी दिसली, जी नुसत्या डोळ्यांना कधीच दिसली नसती, आणि मी हरखून गेलो. तिसऱ्या महिन्यात मात्र मान आणि उजव्या खांद्याच्या मधला स्नायू रोज दुपारी ओढल्यासारखा दुखू लागला. आमच्या मॅडमनी एके दिवशी मला न सांगता, मी काम करत असताना, बाजूने माझा फोटो काढला आणि नंतर दाखवला. त्या फोटोत माझा कान खांद्याच्या बराच पुढे आलेला होता, पाठीला पोक आलेले होते आणि माझे नाक रुग्णाच्या हनुवटीपासून जेमतेम दीड वितीवर होते. मग त्यांनी मला स्टूलवर नीट बसवून पुन्हा माप घेतले, तर ते त्रेचाळीस सेंटिमीटर भरले. ती जोडी नव्या मापाने करून घ्यायला मला जवळपास निम्मी किंमत पुन्हा मोजावी लागली.

यामागचे कारण एकदा नीट समजले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. साध्या डोळ्यांना जवळचे-लांबचे जुळवून घेता येते. भिंगाला ठरावीक अंतराच्या थोडे अलीकडे-पलीकडे एवढेच स्पष्ट दाखवता येते. डोळ्याला स्पष्ट दिसल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे आपल्या नकळत शरीर सरकत सरकत भिंगाच्या त्या अंतरावर जाऊन थांबते. माप बरोबर असेल तर भिंग आपल्याला ताठ बसायला भाग पाडते, आणि माप चुकले तर तेच भिंग आपल्याला वाकवून ठेवते. माणसाचे डोके साडेचार-पाच किलो वजनाचे असते. ते पाठीच्या कण्यावर तोललेले असणे आणि दिवसाचे सहा तास पुढे लोंबकळत असणे यातला फरक तुला मी सांगायला नको.

म्हणून कोणत्याही विक्रेत्याला भेटण्याआधी तुझे माप तू स्वतः घे. फँटम हेड, म्हणजे सरावाचे कृत्रिम डोके, लावलेल्या खुर्चीपाशी स्टूलवर बस, मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील एवढे स्टूल उंच कर, पाठ सरळ ठेव, कोपरे अंगालगत असू देत आणि त्यातले टायपोडॉन्टचे नकली दात तुझ्या कोपराच्या उंचीला आण. आता हातात मिरर आणि एक्सप्लोरर धरून वरच्या पहिल्या दाढेवर खरोखर दोन मिनिटे काम कर, म्हणजे फोटो काढताना आपण जसे ताठ होतो तसे होणार नाही, आणि त्यानंतर मित्राला शिंप्याच्या टेपने डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून दातापर्यंतचे अंतर मोजायला सांग. असे तीन वेगवेगळ्या दिवशी कर. दिवस संपताना घेतलेले माप सकाळच्या मापापेक्षा कमी भरले, तर तू थकल्यावर वाकतोस असे समज आणि सकाळचे माप धर. त्याच वेळी बाजूने फोटोही काढून घे, कारण झुकावाचा कोन, ज्याला आपण डिक्लिनेशन अँगल म्हणतो, त्यावरूनच ठरतो. हा कोन पुरेसा मिळाला तर डोळे खाली वळतात आणि मान वीस अंशांच्या आसपास झुकवून भागते. तो कमी पडला तर बाकी सगळे माप बरोबर असूनही मान खाली जातेच. चष्म्याची फ्रेम नाकावर खाली आणि गालांजवळ बसणारी असेल तर नळी खाली बसवता येते आणि कोन चांगला मिळतो, म्हणून फ्रेम निवडताना चेहऱ्याला काय शोभते हा विचार बाजूला ठेव.

पटींविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण विद्यार्थी सगळा वेळ याच एका आकड्यावर घालवतात. तुला पहिली जोडी अडीच पटींची, फार तर तीन पटींची पुरे. या पट्ट्यातले लूप्स गॅलिलियन रचनेचे असतात : पुढे बहिर्गोल भिंग, डोळ्यापाशी अंतर्गोल, प्रतिमा मुळातच सुलटी, नळी आखूड आणि हलकी. १६१० साली गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र पाहिले ते याच मांडणीच्या दुर्बिणीतून, आणि आपण तिच्यातून दाढेच्या खाचा पाहतो, हे आठवले की मला आजही नवल वाटते. साडेतीन-चार पटींच्या पुढे केप्लरची रचना लागते, जी त्याने १६११ साली मांडली. तिच्यात दोन्ही भिंगे बहिर्गोल असल्यामुळे प्रतिमा उलटी पडते, ती सुलटी करायला आत प्रिझम घालावे लागते आणि त्यामुळे नाकावरचे वजन वाढते. शिवाय पट वाढली की दिसणारे वर्तुळ लहान होते, स्पष्टतेची खोली कमी होते आणि प्रतिमा अंधूक होते. इंटर्नला एकाच सकाळी स्केलिंग, फिलिंग, एक्स्ट्रॅक्शन असे सगळे करावे लागते, तेव्हा निम्मी दंतकमान तरी एका नजरेत आलेली बरी. रूट कॅनलमधला एमबी-टू, म्हणजे वरच्या दाढेतला लपलेला जादा कालवा, शोधायला पुढे मायक्रोस्कोप आहेच.

टीटीएल की फ्लिप-अप, म्हणजे चष्म्यापुढे सांध्यावर लावलेल्या, वर उचलता येणाऱ्या नळ्या, याबद्दल माझे मत गेल्या वर्षभरात बदलले आहे. पूर्वी मी फ्लिप-अपला नाके मुरडत असे, कारण ते जड असतात, त्यांचा सांधा सैल होतो आणि जुळवलेले अंतर हलते. पण तुझा नंबर अजून स्थिर नाही, आणि तो बदलल्यावर फ्लिप-अपमध्ये गल्लीतल्या चष्मेवाल्याकडून मागची काच बदलून घेता येते, तर टीटीएल मात्र बनवणाऱ्याकडे परत पाठवून तीन-चार आठवडे वाट पाहावी लागते. म्हणून आधी डोळे तपासून घे. वर्षभर नंबर बदललेला नसेल तर टीटीएल घे, नाहीतर चांगल्या प्रतीचा फ्लिप-अप घे. सरळ समोर पाहून काम करता येणारे, प्रिझमने नजर खाली वळवणारे अर्गो लूप्स तुझ्यासारख्या उंच माणसाला खरेच वरदान ठरू शकतात, हे मी मान्य करतो. पण त्यांची किंमत आणि सवय व्हायला लागणारा काळ पाहता, ते स्वतःचा दवाखाना सुरू करताना घ्यावेत असे मला वाटते.

आता हेडलाइट. पैसे कमी पडत असतील तर पट कमी कर, दिव्यात काटकसर करू नकोस. खुर्चीचा दिवा आपल्या डोक्याच्या वरून येतो. वरच्या शेवटच्या दाढेची मागची बाजू पाहायला आपण सरकलो की आपलीच सावली तोंडात पडते. हेडलाइट दोन्ही डोळ्यांच्या मध्ये बसतो आणि त्याचा झोत नजरेच्याच रेषेत जातो, त्यामुळे जिथे नजर पोहोचते तिथे उजेडही पोहोचतो. विक्रेते लक्सचे मोठमोठे आकडे सांगतील. तू फक्त विचार की, हे लक्स किती अंतरावर मोजले आहेत, कारण अंतर वाढले की ते झपाट्याने उतरतात आणि तुझे अंतर तर लांबचे आहे. डोळे दिपवणारा प्रखर दिवाही नको. ओल्या इनॅमलवरून चमक उलटते आणि कडेचा अंधार अधिक गडद भासून डोळे शिणतात. उजेडाचा ठिपका सर्वत्र सारखा असावा, त्याच्या कडेला निळी-पिवळी झालर नसावी, रंग दिवसाच्या उजेडाजवळचा, पाच-साडेपाच हजार केल्विनच्या आसपासचा असावा आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, नव्वदच्या वर असावा.

आणि नारिंगी फिल्टर असल्याशिवाय दिवा घेऊच नकोस. दात भरायच्या कॉम्पोझिटमधले कॅम्फरक्विनोन निळ्या प्रकाशाने, ४७० नॅनोमीटरच्या आसपास, जागे होऊन ते कडक करते आणि पांढऱ्या एलईडीमध्ये निळा भाग भरपूर असतो, हे पुस्तकात मी वाचलेले होते. ते कळले मात्र एका खालच्या दाढेच्या क्लास टूमध्ये, म्हणजे शेजारच्या दाताकडच्या बाजूच्या फिलिंगमध्ये. मी फिल्टर वर करून तसाच विसरलो होतो. मॅट्रिक्सच्या, म्हणजे दाताभोवती लावलेल्या पट्टीच्या, कोपऱ्यात कॉम्पोझिट दाबून बसवत असताना ते अचानक लोण्यासारखे राहिले नाही. इन्स्ट्रुमेंटच्या टोकाशी त्याचे रवाळ तुकडे होऊ लागले आणि हिरडीकडच्या तळाशी, गिंगिव्हल सीटपाशी, पोकळी राहिली. ती लूप्समधूनच दिसली म्हणून सगळे काढून पुन्हा भरता आले. त्या बाई पाऊण तास तोंड उघडून शांतपणे बसून राहिल्या, याचे मला आजही वाईट वाटते. दाताची शेड, म्हणजे रंगछटा, मात्र हेडलाइट बंद करून, दात सुकण्याआधी, खिडकीच्या उजेडात पाहत जा.

बॅटरी कमरेला लावायची की फ्रेमवर, यात मी कमरेची पसंत करतो. वायर अडकते हे खरे, पण नाकावरचा भार कमी राहतो आणि ओपीडीची पूर्ण सकाळ ती पुरते. कुठलीही घेतलीस तरी दुसरी बॅटरी सोबतच घे.

निवडलेली जोडी पारखायला खिशातली दहा रुपयांची नवी नोट काढ. तिच्यावर ‘भारत’ आणि ‘१०’ अशी सूक्ष्म अक्षरे आहेत. नोट तुझ्या वर्किंग डिस्टन्सवर धरून ती अक्षरे आधी वर्तुळाच्या मध्यभागी वाच आणि मग डोके न हलवता नोट कडेला सरकव. कडेला ती फिसकटली किंवा त्यांना लाल-निळी किनार दिसली, तर ती भिंगे परत दे. दोन्ही डोळ्यांना मिळून एकच गोल वर्तुळ दिसले पाहिजे. निदान अर्धा तास लावून बसल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

लूप्स आल्यावर लगेच रुग्णावर वापरू नकोस. पहिले दोन आठवडे काढलेल्या दातांवर आणि टायपोडॉन्टवर काढ. सुरुवातीला हात आणि अवजार यांचे अंतर चुकते, थोडे गरगरतेही. सिरिंज किंवा दात कोरायचा एअररोटर घेताना-देताना नळीच्या वरून, मोकळ्या नजरेने पाहायचे. वर्तुळाच्या बाहेरची सुई दिसत नाही आणि तिथेच टोचण्याचा धोका असतो. झोत रुग्णाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नकोस, त्यांना गॉगल दे. मास्कची वरची कड नाकावर टेपने चिकटवलीस की काचेवर वाफ धरणार नाही. काम झाल्यावर भिंगांवर स्पिरिट ओतू नकोस, मऊ कापडाने पूस. मुंबईच्या पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशी धरते, कॅमेरेवाल्यांना हे चांगले ठाऊक असते. म्हणून डबीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि त्या महिन्याला बदलत जा.

सीनियरांना शनिवारी आदराने नाही सांग आणि कारणही सांग, त्यांना पटेल. तीन दिवसांची तीन मापे, बाजूने काढलेला फोटो आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला नंबर मला पाठव. पुढच्या महिन्यात मी तीन दिवस मुंबईला येणार आहे, तेव्हा माझी जोडी आणि दिवा घेऊन येईन. माझ्या मापाचे असल्यामुळे तुला त्यांतून धड दिसणार नाही, पण झोत आणि झुकावाचा कोन कसा असतो ते प्रत्यक्ष पाहता येईल, आणि मग आपण दोघे मिळून दुकानात जाऊ.

काका-काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
अनिरुद्ध