मापात पाप कुणाचं? घरी बांधलेल्या विमानाच्या इंधनमापकाबद्दल मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

मा. राज्यमंत्री,
सहकार आणि नागरी हवाई वाहतूक,
नवी दिल्ली.

महोदय,

सादर नमस्कार. मी भोसरी एमआयडीसीत 31 वर्षं मापन उपकरणांची दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन करणारा माणूस आहे. आपली भेट मागण्याइतका मोठा नाही, म्हणून हे खुलं पत्र.

गेल्या मंगळवारी टपालानं दोन ओळींचा कागद आला. "आपण सादर केलेले उपकरण प्रमाणित नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे." चौदा महिन्यांपूर्वी त्याच कार्यालयातल्या साहेबांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, "तुम्ही यंत्र पूर्ण करा, आमचा माणूस येऊन बघेल, तीन महिन्यांत लेखी उत्तर मिळेल." माणूस आला नाही. यंत्राला कुणी हात लावला नाही, डोळ्यांनीही पाहिलं नाही, आणि न पाहताच ते निकाली निघालं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण पुन्हा अर्ज तिथेच करायचा आहे.

यंत्र म्हणजे काय, तर दोन आसनी छोट्या विमानाचा इंधनमापक. विमान माझे भागीदार बांधतात. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. पुण्यापासून दोन तासांवर एका शेतात पत्र्याची शेड आहे, तिथे गेली नऊ वर्षं हे विमान उभं राहतं आहे. इंजिन रोटॅक्स 912. जगभर छोटी विमानं याच इंजिनावर उडतात आणि ते साध्या पेट्रोलवर चालतं. पंख अण्णांचे, काटा माझा, अशी आमची वाटणी.

आपण मोटारीत बसता तेव्हा पेट्रोलचा काटा थोडा खोटं बोलला तरी गाडी रस्त्याच्या कडेला लागते. विमानाला कडा नसते. 1983 च्या जुलैत एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग 767 हवेत 41,000 फुटांवर असताना इंधन संपून बंद पडलं. इंधनमापक नादुरुस्त होता, म्हणून हिशेब हातानं केला आणि किलोच्या जागी पाउंडाचा गुणक धरला गेला. 69 माणसं वैमानिकाच्या कौशल्यानं वाचली. गायक जॉन डेन्व्हर वाचला नाही. 12 ऑक्टोबर 1997 ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या खाडीत त्याचं लाँग-ईझेड कोसळलं. तेही घरी बांधलेलंच विमान. टाकी बदलायची खुंटी वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे, आणि इंधन दाखवणाऱ्या नळ्याही पाठीमागे, त्यांच्यावर धड खुणा नाहीत. ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. माणूस उत्तम वैमानिक होता. त्याला फक्त समोर एक खरा आकडा हवा होता.

तो आकडा मिळवायला मी काय केलं ते सांगतो, कारण कागदावर "उपकरण" एवढा एकच शब्द आहे. पंखातल्या 40 लिटरच्या टाकीत ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या, एकीत एक. मधल्या फटीत पेट्रोल जितकं चढेल तितकी त्या जोडीची विद्युत धारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, वाढते. फटीतल्या पदार्थामुळे ती किती पट होते, तो त्या पदार्थाचा अंक. हवेचा अंक 1, पेट्रोलचा साधारण 2. हा फरक मोजायचा आणि लिटरमध्ये मांडायचा. शिवाय इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत प्रवाह मोजणारी छोटी चक्री, लिटरमागे सुमारे 18,000 ठोके देणारी. रोटॅक्समध्ये न वापरलेलं थोडं पेट्रोल टाकीत परत येतं, म्हणून परतीच्या नळीत दुसरी चक्री, आणि दोघींची वजाबाकी. या चक्र्या परदेशातून मागवल्या, तर पार्सल सात आठवडे कस्टममध्ये अडकून पडलं, कारण वेष्टनावर "विमानाचा भाग" असं छापलं होतं. मी तीन वेळा मुंबईला हेलपाटे घातले. चौथ्या वेळी तिथल्या कारकुनानं विचारलं, "विमान कुठाय?"

कॅलिब्रेशन करताना विमानाचं नाक उड्डाणात असतं तितकं वर टेकवायचं, पाणसळ लावायची, टाकी पूर्ण रिकामी करायची आणि दोन-दोन लिटरचं माप ओतत जायचं. प्रत्येक मापानंतर पाच मिनिटं थांबायचं, लाकडी काठी टाकीत बुडवून खूण करायची, यंत्राचा आकडा वहीत लिहायचा. भरून झालं की उलटं, काढत जायचं. एका टाकीला पाऊण दिवस. हातमोजे घालून झाळ देता येत नाही म्हणून मी उघड्या हातानं काम करायचो. बोटांच्या टोकांची कातडी पेट्रोलनं इतकी गेली की बँकेत अंगठा उमटेना. बायको म्हणाली, घरात वास घेऊन येऊ नका. तेव्हापासून शेडच्या मागे विहिरीवर आंघोळ करून, कपडे बदलून घरी येतो. हे मी दयेसाठी लिहीत नाही. "प्रमाणित नाही" हे दोन शब्द टंकायला किती सेकंद लागले असतील, त्याच्या शेजारी हे ठेवावं म्हणून लिहितो.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे दोन खाती आहेत, सहकार आणि विमान वाहतूक. एका खात्याच्या साखर कारखान्यांत इथेनॉल तयार होतं, आणि ते दुसऱ्या खात्याच्या टाक्यांमध्ये येऊन पडतं. या दोघांमधली भिंत आपण ओलांडू शकता, म्हणूनच पत्र आपल्याला.

6 फेब्रुवारी 2023 ला बंगळूरुत 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात झाली. 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं अलीकडे ओढलं आणि आता बहुतेक पंपांवर दुसरं काही मागायची सोय उरलेली नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय असावा म्हणून गेलेली याचिका सर्वोच्च न्यायालयानं 1 सप्टेंबर 2025 ला फेटाळली. उसाला भाव मिळावा, शेतकऱ्याचं भलं व्हावं, याला माझी ना नाही. माझी सासुरवाडी बारामतीकडची, मेव्हण्याचा ऊस आहे. पण रोटॅक्स कंपनी 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहून देते. आणि त्या पेट्रोलनं माझ्या काट्याचं काय केलं ते ऐका.

त्या दिवशी नेहमीसारखं पंपावरून कॅन भरून आणलं. रिकाम्या टाकीत मोजून 10 लिटर ओतले. पडद्यावर आकडा आला 34. मला वाटलं वायर कुठेतरी टेकली. सगळं सोडवलं, पुसलं, पुन्हा जोडलं. पुन्हा 34. अण्णा शेजारी स्टुलावर बसून काठीवरची खूण बघत होते. काठी म्हणत होती 10. मग डोक्यात उजेड पडला. पेट्रोलचा अंक 2, पण इथेनॉलचा 24 च्या आसपास! माझं यंत्र बिघडलंच नव्हतं. टाकीतला पदार्थच बदलला होता.

महोदय, हा फरक कुठल्या दिशेला आहे ते बघा. काटा कमी दाखवत असता तर वैमानिक घाबरून लवकर उतरला असता, आम्हाला शिव्या घातल्या असत्या, पण घरी गेला असता. हा काटा जास्त दाखवतो. आमचं इंजिन तासाला सुमारे 18 लिटर पितं. पडद्यावरचे 34 लिटर म्हणजे पावणेदोन तासांहून जास्त उड्डाण. खरे 10 लिटर म्हणजे 33 मिनिटं. चौतिसाव्या मिनिटाला तो माणूस कुठे असेल? त्या वेळी शेडमध्ये आम्ही दोघंच होतो, विमान ठोकळ्यांवर होतं, म्हणून आज हे पत्र लिहितो आहे.

पंपावर ई-20 चं स्टिकर आहे, पण घरी विमान बांधणाऱ्या, साध्या पेट्रोलवर इंजिन चालवणाऱ्या माणसाला एका ओळीची सूचना कुणी पाठवली? आम्हाला तरी आली नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी फार झालं की तळाशी वेगळा थर साठतो, आणि इंजिन नेमकं तळातून पितं. काही रबरी सील फुगतात, फायबरग्लासच्या काही टाक्यांचं रेझिन मऊ पडतं. यातलं काहीही गुपित नाही.

यावर उपाय मी शोधला, स्वतःच्या खिशातून. टाकीच्या अगदी तळाला दुसरी एक बोटभर जोडी बसवली, जी कायम पेट्रोलात बुडालेली असते. ती फक्त एवढंच सांगते की आज टाकीत जे आहे त्याचा अंक किती. मोठ्या जोडीचा आकडा त्या हिशेबानं सुधारला की 10 लिटरला 10 येतात, पंपाचं पेट्रोल कसलंही असो. तळाशी पाणी साठलं तर हीच जोडी एकदम उसळते आणि लाल दिवा लागतो. सगळे सुटे भाग मिळून साडेचार हजार रुपये. सहा महिने रोज वाचन घेतलं, वही भरली. हेच ते प्रमाणित नसलेलं उपकरण!

आणि प्रमाणित यंत्र बसवा म्हणजे नेमकं कुठलं बसवायचं? त्याच तत्त्वावर चालणारं, साध्या पेट्रोलवर जुळवलेलं कारखान्याचं यंत्र मी उद्या विकत आणलं तर तेही 10 चे 34 दाखवेल. त्याला कागद असेल, एवढाच फरक. कागदाला इंधन कळतं का?

विमानाचं खास पेट्रोल घ्या, असं एक साहेब म्हणाले. 2022 पासून ते वडोदऱ्यात बनतं, अभिमान आहे. पण ते पिंपातून येतं, आम्हाला लागतं 40 लिटर, आणि 40 लिटरसाठी आम्हाला कुणी दारात उभं केलं नाही. शिवाय त्यात शिसं असतं, रोटॅक्सला ते मानवत नाही, दर 25 तासांनी तेल बदलावं लागतं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे ऐकतच मोठे झालो. पण इथे थांबण्याची किंमत माणसाच्या वयात मोजली जाते. अण्णा अर्ज केला तेव्हा 66 वर्षांचे होते, वैद्यकीय दाखला चालू होता. या जूनमध्ये डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. नऊ वर्षं ज्यांनी एकेक रिव्हेट स्वतः मारली, ते आता हे विमान उडवू शकणार नाहीत. त्या दिवशी ते शेडमध्ये आले, खुर्ची काढली, पंखाला हात लावून बसले आणि मला म्हणाले, "काटा तरी पास करून घे रे." मंगळवारचं पत्र मी अजून त्यांना दाखवलेलं नाही.

कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी विमान बांधलं. 2016 च्या मेक इन इंडिया सोहळ्यात ते मांडलं, सगळ्यांनी फोटो काढले. नोंदणी मिळायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला, आणि तीही थेट वरून लक्ष घातल्यावर. फेब्रुवारी 2018 मध्ये 35,000 कोटींचा करार जाहीर झाला, पालघरला 157 एकर. आज तिथे किती विमानं बनतात, सांगाल? 2015 च्या मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन भारतातल्या विमानांवर निबंध वाचायला जागा मिळते, आणि जिवंत माणूस हातात पाना घेऊन उभा आहे त्याला तपासायला एक अधिकारी मिळत नाही. 1934 चा विमान कायदा गेला, 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम आला. नाव बदललं, टेबल तेच, फाईल तीच, आणि साहेब जेवायला गेले आहेत हे उत्तरही तेच. या देशात स्वतःच्या हातानं काही करणारा माणूस आधी संशयित ठरतो, मग अर्जदार, आणि शेवटी निकाली.

माझं मागणं फार नाही. राज्यातल्या दोन-चार धावपट्ट्यांवर इथेनॉलविरहित पेट्रोल कॅनमध्ये मिळावं. छोटी विमानं बांधणाऱ्या आणि उडवणाऱ्या प्रत्येकाला ई-20 आणि इंधनमापकांबद्दल लेखी सूचना जावी, ती तर आजच जावी. आणि घरी केलेलं उपकरण कसं तपासायचं याची पद्धत लिहून द्या, मुदतीसह. नापास करायचं तर करा, पण ओतून, मोजून, बघून नापास करा.

दर रविवारी सकाळी आठपासून आम्ही शेडमध्ये असतो. टाकी रिकामी करून ठेवतो, दोन लिटरचं माप धुऊन ठेवतो. पेट्रोल आपल्या माणसानं त्याला हव्या त्या पंपावरून आणावं, ओतावंही त्यानंच. काठी अण्णा धरतील.

आपला,
एक उपकरण तंत्रज्ञ, भोसरी