व्हॅट रिफंडसाठी मदत करणाऱ्या आमच्या वहिनींना

वहिनी, नमस्कार.

परवा कार्डावर युरोप टूरमधल्या खरेदीच्या व्हॅटचा (वस्तूच्या किमतीतच धरलेल्या टॅक्सचा) रिफंड जमा झाल्याचा मेसेज आला आणि पहिली आठवण तुमची झाली. घरी येऊन आभार मानणारच आहे, पण ग्रुपमधले सगळे म्हणाले की वहिनींनी सांगितलेलं लिहून टाका, सोलापुरातून पुढं जाणाऱ्यांना उपयोगी पडेल, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

जायच्या आधी मी एवढंच विचारलेलं की टुरिस्टला तिकडचा व्हॅट परत मिळतो म्हणे, खरंय का. तुम्ही म्हणालात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतून तुमचे टॉवेल परदेशात जातात तेव्हा जीएसटी परत मिळतो ना, कारण ते वापरणारा माणूस इथला नाही, हे पण तसंच. झालं, डोक्यात लख्ख उजेड पडला बघा. हॉटेलचं बिल, जेवणखाण यात का बसत नाही ते पण लगेच कळलं, ते तिथंच वापरून संपतं, वस्तू मात्र नवी कोरी देशाबाहेर जायला पाहिजे.

पण खरी कमाल पुढं. मी दुकानांचं विचारत होतो आणि तुम्ही विचारलं, परतीचं विमान कुठून आहे? झुरिचवरून म्हटल्यावर तुम्ही थांबलात. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळं पॅरिस आणि फ्लॉरेन्सच्या खरेदीची कस्टम्स तपासणी, म्हणजे वस्तू युनियनबाहेर चालल्याची खात्री, झुरिच एअरपोर्टवर होणार नाही, बस इटली सोडायच्या आधी बॉर्डरवरच करून घ्या, टूर मॅनेजरला आत्ताच फोन करून ठेवा. हे आम्हाला दुसरं कुणीच सांगितलं नव्हतं ओ. बस कोमोजवळच्या ब्रोजेदा नाक्यावर थांबली, सामान तुम्ही सांगितल्याप्रमाणे डिकीत न टाकता हातात ठेवलेलं, ऑफिसरनं जॅकेट टॅगसकट बघितलं, पासपोर्ट बघितला, काम झालं. स्विस घड्याळ घेतलेल्यांचं मात्र झुरिचलाच झालं, तिथला नियम वेगळा, 300 फ्रँकची खरेदी लागते.

दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म करून घ्यायचा, फ्रान्समध्ये 100 युरोच्या वर खरेदी पाहिजे, इटलीत 70 च्या वर, हे तुम्ही कागदावर लिहून दिलेलं तो कागद अख्ख्या बसमध्ये फिरला. इटलीचा व्हॅट 22 टक्के, पण तेवढे सगळे हातात येत नाहीत, किमतीत टॅक्स आधीच धरलेला असतो आणि रिफंड कंपनी स्वतःचं कमिशन कापते, हेही तुम्ही आधीच सांगितल्यामुळं 244 युरोच्या जॅकेटवर तीसेक युरो आले तरी कुणाची कुरकुर नाही.

आमच्यासोबत अशोक चौकातले रिटायर्ड गुरुजी आणि बाई होत्या, आयुष्यभराच्या बचतीतून आलेले, नातीसाठी पर्स घेतलेली. त्यांचा रिफंड जमा झाला तेव्हा बाईंनी मला फोन करून तुमचं नाव विचारून घेतलं. तुम्ही नवी पेठेतल्या ऑफिसात रिटर्न भरायच्या गर्दीत एवढा वेळ दिला आणि फी विचारली तर रागावलात, ते मी विसरणार नाही.

आता मेहुणे लंडनला निघालेत. त्यांना मीच सांगितलं की तिथल्या दुकानातून घेऊन बॅगेत घालून आणायच्या वस्तूंवर 2021 पासून हा रिफंड बंद झालाय. पण मावसबहीण सिंगापूरला जातेय, तिथं 100 सिंगापूर डॉलरच्या खरेदीपासून जीएसटी परत मिळतो एवढंच मला ठाऊक आहे, बाकीचं तिला तुमच्याकडूनच समजून घ्यायचंय. तुमचा नंबर देऊ का तिला? आणि रविवारी भाऊंना घेऊन जेवायलाच या, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करायला सांगितलीय.

तुमचा,
टॉवेलवाला भाऊजी